हॉर्नमध्ये "सगळ्यात जास्त वॅटचा" बसवा म्हणणाऱ्यांसाठी

खर्जातला:
काल इथे एकाने विचारलं, फोल्डेड हॉर्नमधला (घडी घातलेल्या भोंग्याच्या बास-पेटीतला) पंधरा इंची ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर, जळालाय, बदली कुठला घेऊ? हॉर्न ३०० हर्ट्झपर्यंत वाजवतो हेही लिहिलं होतं. त्यावर एका महाशयांचं उत्तर: "सगळ्यात जास्त वॅटचा सबवूफर घे, बाकी इक्वलायझर बघेल." गप्प बसणार होतो, पण त्या उत्तराला पडलेल्या लाइक बघून राहवेना.

वॅट म्हणजे कोन हलवणारी तारेची कॉइल किती उष्णता सोसते, एवढंच. हॉर्नला हवा ताठ, हलका कोन (पुढचा कागदी पडदा) आणि जोरदार मॅग्नेट. एफएसची (ड्रायव्हर उघड्यावर आपसूक ज्या हर्ट्झला डोलतो तो आकडा) दुप्पट करा, क्यूईएसने (मॅग्नेट-कॉइल ते डोलणं किती आवरतात त्याचा आकडा, लहान म्हणजे पकड घट्ट) भागा. त्या आकड्याच्या वर कोनचं वजन आवाज पाडायला लागतं. एफएस ३०, क्यूईएस ०.५ असलेला सबवूफर १२० हर्ट्झलाच दमतो. ४० आणि ०.२२ वाला ३६० पर्यंत जातो. १२० ते ३०० मधली पोकळी इक्वलायझरने भरायची म्हणजे कॉइल भाजायची. शिवाय हॉर्नचा घसा (ड्रायव्हरसमोरचं अरुंद तोंड) बऱ्याचदा कोनच्या निम्मा किंवा त्याहून लहान असतो. तो दाब मऊ कागदाला झेपत नाही, डस्ट कॅपपासून (कोनच्या मधल्या टोपीपासून) बाहेर सुरकुत्या पडतात. टॉर्च तिरका धरून बघा, दिसतील.

दणका:
ते महाशय मीच. कागदावरची गणितं छान आहेत. आमचे हॉर्न आम्ही १०० हर्ट्झला कापतो (त्यावरचे सूर त्यांना देतच नाही) आणि त्यात सबवूफरच आहेत, वर्षानुवर्षं. तुमच्याच हिशोबाने १२० पुरतात की नाही?

खर्जातला:
१०० ला कापत असाल तर पुरतात. घ्या, जिंकलात. प्रश्न ३०० चा होता, तेवढं वाचायचं राहिलं तुमचं. क्लिप्शहॉर्न या नावाजलेल्या हॉर्न-स्पीकरमध्ये एकटा पंधरा इंची साधारण ४०० पर्यंतचं काम करतो. तिथे बसवा तुमचा जाडजूड सबवूफर आणि मग माणसाचा आवाज ऐका.

कॉइलबाबा:
दोघंही नवीनच घ्यायला का निघालात? मॅग्नेट शाबूत आहे ना? रिकोन करा, म्हणजे जुन्याच मॅग्नेटवर नवा कोन आणि कॉइल. मूळ ड्रायव्हर त्या बिनसाठीच (पेटीसाठीच) निवडलेला असतो.

सुरकुती:
रिकोनचं नाव काढू नका! माझा एकाने "सेम टु सेम" म्हणून दिला. कोन भलताच जड, कॉइल मॅग्नेटच्या गॅपमध्ये तिरकी. हळू आवाजात ३० हर्ट्झचा टोन दिला तर खर्र खर्र. वर मलाच म्हणे, "वाजून वाजून सेट होईल."

कॉइलबाबा:
तो कारागीर नव्हता, चिकटवणारा होता. गॅप टेपने साफ करायचा, कॉइल मधोमध राहावी म्हणून भोवती शिम (पातळ पट्ट्या) घालायचे, गोंद पुरता वाळेपर्यंत हात लावायचा नाही. आणि किट (नव्या कोन-कॉइलचा संच) मूळ कंपनीचंच.

सुरकुती:
मूळ किट बंद झालंय हो! जुन्या ड्रायव्हरचं कुठलं किट मिळतं आज? दुसरा कोन लावला की एफएस बदलला, क्यूईएस बदलला. मग तो "मूळ" कसला? नाव तेवढं जुनं.

कॉइलबाबा:
तुमचा एक बिघडला म्हणून विद्याच खोटी?

दणका:
बघा, म्हणून म्हणतो नवीन घ्या. 😄

सुरकुती:
तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्या बाजूने बोलत नाहीये मी.

मंद्र:
रिकोन, नवीन, काहीही करा. आधीचा मेला कशाने, हे कुणी विचारलं का? हाय-पास (फार खालचे सूर अडवणारा फिल्टर) नसेल तर हॉर्नच्या कटऑफच्या (ज्याखाली हॉर्न कामच करत नाही त्या हर्ट्झच्या) खाली कोनवरचा हवेचा भार सुटतो आणि तो मोकाट धावतो. नवाही तसाच जाईल.

दणका:
हाय-पास लावला की बास जातो.

मंद्र:
जो बास हॉर्न देतच नाही, तो कुठून जाणार?

मूळ प्रश्नकर्ता:
मंडळी, प्रश्न माझा होता. हाय-पास नाहीये. किटही मिळत नाही, विचारून झालं. घसा मोजायला अख्खा बिन खोलावा लागेल का?

खर्जातला:
नाही. मागचं झाकण काढा, ड्रायव्हर उतरवा, समोर दिसेल ती फट मोजा. मागच्या कप्प्याचं मापही घ्या आणि दोन्ही हॉर्नरेस्प या हॉर्नचा हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाका. झाकणाची फोमपट्टी दबली असेल तर बदला, कप्पा हवाबंद नसेल तर कुठलाही ड्रायव्हर वाईटच वाजेल.

दणका:
आणि वॅट?

खर्जातला:
अ‍ॅम्प्लिफायरला पुरतील तेवढे. झालं समाधान?