मदत हवी आहे : लष्करातल्या दारूगोळ्याच्या ट्रेडमध्ये (म्हणजे ठरावीक कामाच्या शाखेत) बढती कशी होते?

धाकट्या भावाला अग्निवीर टेक्निकलमधून आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये (सैन्याला शस्त्रं, दारूगोळा पुरवणाऱ्या दलात) जायचंय, तेही अ‍ॅम्युनिशन टेक्निशियन म्हणूनच. बारावी सायन्स झालीय, गुण आणि वय बसतंय, म्हणजे पात्रतेचा प्रश्न नाही. साठ्यातले तोफगोळे तपासायचे, कुठला लॉट वापरण्याजोगा राहिलाय ते ठरवायचं, निकामी झालेला माल नियमाप्रमाणे नष्ट करायचा, या कामाची त्याला मनापासून ओढ आहे. धोक्याची जाणीव आहे. पुलगावच्या दारूगोळा डेपोतली २०१६ ची आग घरात कुणी विसरलेलं नाही. तेव्हा 'दुसरा ट्रेड घे' हा सल्ला कृपया नको.

भरतीची जाहिरात नीट वाचलीय. ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांशीही बोललो, पण ते इन्फंट्रीतले. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात, पुढे नाईक, हवालदार, नायब सुभेदार ही चढण, आणि दारूगोळ्याचं तांत्रिक प्रशिक्षण जबलपूरच्या कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटमध्ये होतं, एवढं माहीत आहे. गोपनीय काहीच विचारत नाहीये, आणि अधिकाऱ्यांच्या भरतीची माहितीही नको.

ऑर्डनन्समध्ये नोकरी केलेल्यांनी कृपया सांगावं : कायम झाल्यावर बढतीची ज्येष्ठता फक्त या ट्रेडपुरती धरतात की सगळ्या कोअरची मिळून? हवालदार ते नायब सुभेदार होण्यासाठी कुठले तांत्रिक कोर्स करावेच लागतात? आणि डेपोत लागलेल्या माणसाची फील्ड युनिटमध्ये बदली होत राहते का?