चियांग माईनं कुणाकुणाला धरून ठेवलं?

थायलंडच्या उत्तरेतल्या चियांग माईला आठ दिवसांसाठी गेले आणि लॅपटॉप सोबत होता म्हणून अडीच महिने राहिले. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. पुण्याचं ऑफिस साडेनऊला सुरू व्हायचं तेव्हा तिथे अकरा वाजलेले. म्हणजे रोजची सकाळ माझी! जुन्या शहराभोवतीच्या चौकोनी खंदकाकाठी उजाडताच अनवाणी भिक्षू येत. एक आजी रोज गरम भाताची पिशवी रबरबँड लावून त्यांच्या पात्रात ठेवायची आणि रस्त्यावरच गुडघे टेकायची. १२९६ साली मंगराय राजानं वसवलेलं हे शहर मला त्या आजीमुळे आपलं वाटलं. तुम्हाला कशामुळे वाटलं, लिहा.

*

रविवारचा बाजार! जुन्या शहराच्या थापे दरवाज्यापासून रस्ता गाड्यांना बंद. संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं आणि अख्खी गर्दी जागच्या जागी उभी. समोरच्या बाईंचं उलथनं हातात तसंच, तव्यावर अंडं चरचरतंय. गीत संपलं, बाजार पुढे सुरू. अंगावर काटा आला होता.

*

आईला चातुर्मासात घेऊन गेलो होतो. कांदा-लसूण बंद, परदेशात हाल होणार असं वाटलेलं. पण पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दिसलं की निर्धास्त आत शिरायचं. तिथे मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. अशाच एका ठिकाणी खाओ सोई मिळालं. नारळाच्या दुधाचा रस्सा, त्यात नूडल्स, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, बाजूला लिंबू. आई म्हणाली, "अरे, ही तर मिसळ!"

*

एक कळकळीनं सांगते, फेब्रुवारी ते एप्रिल टाळा. शेतं आणि जंगलं जळतात, धुरात दोई सुथेपचा डोंगरसुद्धा दिसेनासा होतो. आम्ही मार्चमध्ये होतो आणि मुलाला दमा. दुसऱ्या रात्री त्याचा खोकला ऐकून घरमालकीणबाई स्वतःच्या खोलीतलं हवा शुद्ध करायचं यंत्र उचलून घेऊन आल्या. भाषा एकमेकींची येत नव्हती. प्लग लावला, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि गेल्या. नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो ते त्यांच्याकडेच.

*

जास्त राहायचं असेल तर जुलै २०२४ पासून डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) आहे, आपल्यासारख्या लॅपटॉपवर कुठूनही काम करणाऱ्यांना चालणारा. मुदत ५ वर्षं, एका खेपेला १८० दिवस. खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. माझे तेवढे जमत आलेत. वरची आजी कुठल्या बाजूच्या खंदकाजवळ असते, तेवढं सांगा.