दक्षिण आफ्रिकेतील २०१९–२० चा लीग मोसम: चीफ्सने विजेतेपद घालवले, असे लिहावे का?

रावपुराकर

नमस्कार मंडळी. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या हस्तलिखितासाठी मी दक्षिण आफ्रिकेच्या प्रीमियर सॉकर लीगमधील २०१९–२० च्या मोसमावर लेख लिहीत आहे. त्या वर्षी माझा पुतण्या नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला होता आणि तिथे तो कायझर चीफ्सचा निस्सीम चाहता झाला. ५ सप्टेंबर २०२० रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, तो व्हिडिओ कॉलवर आमच्याशी बोलत सामना पाहत होता. खामा बिलियाटने चीफ्सला आघाडी मिळवून दिली तेव्हा त्याने गळ्यातील काळा-सोनेरी स्कार्फ दोन्ही हातांनी उंच धरला. उत्तरार्धात बरोकाच्या मॅन्युएल कांबालाने बरोबरी साधली, तेव्हा त्याने तोच स्कार्फ काढून मांडीवर नीट घडी करून ठेवला आणि पुढे तो काही बोललाच नाही. सामना १–१ असा सुटला. त्याच वेळी मामेलोडी सनडाउन्सने ब्लॅक लेपर्ड्सला ३–० असे हरवले आणि ५९ विरुद्ध ५७ गुणांनी विजेतेपद पटकावले.

पुतण्या आजही म्हणतो, "काका, हातातली लीग आम्हीच घालवली." लेखात तसेच लिहिले, तर ते सनडाउन्सवर अन्याय करणारे ठरेल का?

पोलो ग्राउंडचा जुना खेळाडू

काका, माझ्या मते ते वाक्य तसेच लिहू नये. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लीग स्थगित झाली, त्या वेळी चीफ्स चार गुणांनी पुढे होते आणि सर्वजण तेवढेच लक्षात ठेवतात. परंतु सनडाउन्सचा एक सामना शिल्लक होता, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. तो सामना त्यांनी जिंकला असे धरले, तर खरी आघाडी एकाच गुणाची उरते. चीफ्स जवळजवळ संपूर्ण मोसम गुणतक्त्यात अव्वल राहिल्यामुळे ती आघाडी डोळ्यांना मोठी भासली. शेवटच्या दिवसापूर्वी दोन्ही संघांचे गुण समान होते आणि चीफ्स केवळ गोलफरकाच्या जोरावर वर होते. अशा वेळी तीन गोलांनी सामना जिंकून दाखवणाऱ्या संघाला विजेतेपद आयते मिळाले, असे मी तरी म्हणणार नाही.

शिवाय प्रशिक्षक पिट्सो मोसिमाने यांच्या सनडाउन्स संघाने त्याच मोसमात टेलकॉम नॉकआउट आणि नेडबँक कप हे दोन्ही चषक जिंकले. आधीच्या, म्हणजे २०१८–१९ च्या मोसमातही त्यांनी ऑर्लँडो पायरेट्सला ५९ विरुद्ध ५७ अशाच गुणांनी मागे टाकले होते. शेवटपर्यंत टिकून राहण्याची त्यांना सवय होती आणि लेखात हे यायलाच हवे.

मांजलपूरकर

वरील हिशेब मला मान्य आहे, पण केवळ गुणांच्या बेरजेत हा मोसम मावत नाही. ऑगस्टमध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा सगळे संघ गाउटेंग प्रांतातील बायो-बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडलेल्या बंदिस्त व्यवस्थेत होते. उरलेले सामने महिन्याभराच्या आत, रिकाम्या मैदानांवर उरकण्यात आले. ज्या चीफ्स संघाचे चाहते देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून मैदान भरतात, त्याच्यासाठी ही शांतता किती जड असेल याचा विचार करावा. त्यातच ७ जानेवारी १९७० रोजी स्थापन झालेल्या या क्लबचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष होते आणि २०१४–१५ नंतर त्यांना लीग जिंकता आली नव्हती. शेवटच्या सामन्यानंतर काही दिवसांतच प्रशिक्षक अर्न्स्ट मिडेनडॉर्प यांना पद सोडावे लागले. पुतण्याचे दुःख लेखातून गाळू नका. फक्त ते त्याच्याच तोंडी ठेवा.

प्रतापगंजची वाचक

दादांनी दोन्ही बाजू चांगल्या मांडल्या आहेत. तरी अव्वल दोन संघांपलीकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. बरोका हा त्या दिवशी कोणाचा डाव मोडायला उतरला नव्हता. तो तळाच्या चिंतेत होता आणि अखेर १४व्या क्रमांकावर राहून वाचला. १५व्या क्रमांकाच्या ब्लॅक लेपर्ड्सला टिकून राहण्यासाठी दुसऱ्या श्रेणीतील संघांशी प्लेऑफ खेळावे लागले, तर पोलोक्वाने सिटीची थेट घसरण झाली. पुतण्याच्या स्कार्फची घडी झाली, त्याच क्षणी बरोकाच्या घराघरांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल.

मला सर्वांत अधिक हळहळ वाटते ती विट्सबद्दल. १९२१ पासूनचा हा क्लब २०१६–१७ मध्ये लीगविजेता झाला होता. पण २०२० मध्ये त्याचा लीगमधील दर्जा, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, विकला गेला आणि त्या नावाने शीर्ष श्रेणीत खेळलेला तो अखेरचा मोसम ठरला. सोळा-सोळा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेणारे पीटर शालुलिले आणि गाबाडिन्हो म्हांगो अनुक्रमे नामिबियाचे आणि मलावीचे, म्हणजे दोघेही दक्षिण आफ्रिकेबाहेरचे. तेही एका ओळीत नोंदवा.

रावपुराकर

ताई आणि दादांनो, मनापासून आभार. "घालवले" हा शब्द मी खोडला आहे. लेखाची सुरुवात आता मार्चमधील त्या चार गुणांच्या आघाडीने आणि सनडाउन्सच्या शिल्लक सामन्याने होईल. विट्ससाठी वेगळा परिच्छेद लिहीन. स्कार्फचा प्रसंग घेण्यापूर्वी मात्र पुतण्याची परवानगी विचारतो.