माहिती शोधून देण्याचे काम : दोन पार्ट्यांच्या पुढे कसे जायचे?

दांडियाबाजारची लेक

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारला राहते. सयाजीराव विद्यापीठातून एम.लिब. केले आणि अकरा वर्षे एका औषध कंपनीच्या माहिती विभागात काढली. तो विभाग बंद झाला, त्याला आता तीन वर्षे झाली. तेव्हापासून घरूनच काम करते. कंपन्यांना पेटंट, शोधनिबंध, प्रतिस्पर्ध्यांचे ताळेबंद, आयातीचे आकडे शोधून, चाळून, रिपोर्ट बांधून देते.

काम येते, पण दोनच पार्ट्यांकडून, म्हणजे गिऱ्हाइकांकडून. तासाला ८०० रुपये लावते. हात बसत गेला तसे तास कमी लागायला लागले, आणि बिलही तेवढेच खाली आले. गेल्या महिन्यात एक साहेब म्हणाले, "मॅडम, हे तर आता चॅटजीपीटी सांगते. तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे?" मला उत्तर देता आले नाही. अजून ते डोक्यातून जात नाही.

दर कमी करू का? वेबसाइटचे एकाने चाळीस हजार सांगितलेत, करून घेऊ का? हाताखाली एखादी विद्यार्थिनी ठेवू का? घरचे म्हणतात, पुन्हा नोकरी बघ. पण मला हे काम सोडायचे नाही.

सुरसागरकाठ

दर कमी करू नका. वेबसाइट आत्ता नको. विद्यार्थिनीचे शेवटी सांगते.

मी २००७ पासून बडोद्यात हेच करते आहे. पहिली चार वर्षे माझीही अशीच गेली : दोन पार्ट्या, तासाचा हिशोब, आणि महिनाअखेरीला उघराणी. ज्या कामाने गाडे हलले ते मुळात माझ्या चुकीचे काम होते.

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग करणारी एक पार्टी. त्यांना हवे होते, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला लागते ते सिलिकॉन स्टील देशात किती येते, कुठून येते, भाव कसा चालला आहे. मी ७२२५ हा मालाचा कस्टम्स कोड घेतला, तीन वर्षांचे आकडे काढले, आलेख केले आणि अठरा पानांचा रिपोर्ट देऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खरेदीवाल्या साहेबांचा फोन. "ताई, आम्ही घेतो ती पट्टी तुमच्या आकड्यांत दिसतच नाही." ६०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद माल ७२२५ मध्ये मोजतात आणि त्याहून अरुंद माल ७२२६ मध्ये. कापून आलेल्या पट्ट्यांचा आख्खा कोड मी सोडला होता, आणि त्या माणसाचा सगळा धंदा त्या पट्ट्यांवर.

काम पुन्हा केले, पैसे घेतले नाहीत. पण या वेळी शेवटी एक पान जोडले. कोणते कोड बघितले, कोणते नाही, आकडे कोणत्या महिन्यापर्यंतचे आहेत, काय शोधले आणि मिळाले नाही, का मिळाले नाही. साहेबांनी आधी तेच पान वाचले. त्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे पुढचे तुम्हीच काढा." ते माझे त्यांच्याकडचे दुसरे काम. त्या पार्टीकडून पुढची नऊ वर्षे काम आले, आणि त्यांच्याच ओळखीने आणखी पाच ठिकाणी गेले.

तेव्हापासून ते पान जोडल्याशिवाय मी रिपोर्ट हातातून सोडत नाही. तुमच्या क्षेत्रात त्यावर काय येईल ते सांगते, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

पेटंटचे घ्या. आपल्याकडे अर्ज केल्यापासून साधारण १८ महिने तो प्रसिद्ध होत नाही. म्हणजे तुम्ही कितीही नीट शोधा, गेल्या दीड वर्षातले बरेच अर्ज कुणालाच दिसणार नाहीत. "आडवे येणारे पेटंट नाही" असे लिहून मोकळे होऊ नका. "अमुक तारखेपर्यंत प्रसिद्ध झालेल्या नोंदींत नाही, त्याआधीच्या दीड वर्षात भरलेले बरेच अर्ज अजून दिसत नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा बघायला हवे" असे लिहा. सहा महिन्यांनंतरचे काम त्याच ओळीत आले, आणि ते खरोखर गरजेचे असते.

ताळेबंदांचे तसेच. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी खात्याच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिची दाखल कागदपत्रे बघता येतात. बँकेकडे काय तारण आहे तेही कळते, आणि बऱ्याचदा ताळेबंदापेक्षा तेच जास्त बोलते. पण आपल्या जीआयडीसीतली कितीतरी युनिटे एकमालकी किंवा साधी भागीदारी आहेत. त्यांचे तिथे काही नसते. तसे स्पष्ट लिहा. नाहीतर पार्टीला वाटते, तुम्ही बघितलेच नाही.

आयातीबद्दल एक जास्त जपून. कोणत्या कंपनीने कुणाकडून किती माल कोणत्या भावाने आणला, अशा याद्या विकणारे फोन करत असतात. २०२२ मध्ये कस्टम्स कायद्यात कलम १३५एए आले. आयात-निर्यातीची अशी माहिती कायद्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. मी त्या याद्या हातात धरत नाही. सरकारी आकडे आठ अंकी कोडप्रमाणे आणि देशवार मिळतात, कंपनीचे नाव मिळत नाही. तेवढेच देते आणि ते का तेवढेच आहे हेही त्या पानावर लिहिते. अशाने एक काम गेले. जाऊ दे.

आता त्या साहेबांचे उत्तर. चॅटजीपीटी मीही वापरते, वेगळे शब्द सुचवायला, जपानी पेटंटाचा सारांश वाचायला. पण ते नसलेला पेटंट क्रमांकसुद्धा ठामपणे देते, म्हणून एकेक क्रमांक मी मूळ नोंदीत उघडून बघते. आणि कुठे बघायचे राहिले हे ते आपणहून सांगत नाही. साहेबांना तुमचे ते एक पान दाखवा आणि विचारा, या पानाखाली सही कोण करणार? मी सही करते, फोन नंबरासकट.

तासाचा हिशोब आजच बंद करा. काम घेताना एकच प्रश्न विचारत जा : "हे उत्तर मिळाल्यावर तुम्ही काय ठरवणार आहात?" नंदेसरीच्या एका शेठना एका रसायनाचा "पूर्ण मार्केट रिपोर्ट" हवा होता. चहा होईपर्यंत कळले की त्यांना दुसरा रिॲक्टर (रसायन बनवण्याचे मोठे भांडे) घ्यायचा की नाही एवढेच ठरवायचे आहे, आणि हा निर्णय दोन मोठे खरेदीदार स्वतःच तो माल बनवायला लागणार आहेत का यावर अडला आहे. पर्यावरण मंजुरीचे अर्ज जाहीर असतात, त्यात कोणते उत्पादन किती टन हे लिहिलेले असते. तिथे उत्तर मिळाले. चार पानांचा रिपोर्ट, आणि मी तासांवर लावले असते त्याच्या तिप्पट फी. शेठनी घासाघीस केली नाही, कारण रिॲक्टरची किंमत त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

फी आधी ठरवा : काय देणार, काय नाही, कधी, किती. निम्मे ॲडव्हान्स. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करून घ्या, फुकट आहे. नंबर बिलावर छापा. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. आणि आता उशीर केला तर ज्या वर्षी पैसे खरोखर दिले त्याच वर्षी पार्टीला तो खर्च आयकरात धरता येतो. मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात.

नवीन पार्ट्या कुठून आणायच्या? मला भाषणाने मिळाल्या. उद्योजकांच्या एका सभेत तासभर बोलले, "शंभर रुपयांत प्रतिस्पर्ध्याचा ताळेबंद स्वतः कसा वाचावा." सगळे शिकवले, काही राखून ठेवले नाही. तीस जणांतल्या चौघांनी नंतर सांगितले, "ताई, समजले, पण तुम्हीच करून द्या." आपल्या गावाला हे नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, मांडवीची सेंट्रल लायब्ररी उभी केली, फिरत्या पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवली. तिथल्या काचेच्या जमिनीवरून चालताना मला अजून वाटते, माहिती माणसाच्या दारात नेऊन ठेवणे हे या गावाचे जुने काम आहे आणि आपण त्यातले आहोत.

विद्यार्थिनी ठेवा, पण शोधायला नको. तुमचा तयार रिपोर्ट तपासायला ठेवा. प्रत्येक आकडा तिने मुळाशी जाऊन पुन्हा काढायचा. माझ्याकडे तेव्हा अशी कुणी असती तर ७२२६ सुटला नसता.

खरेदीखाते_मकरपुरा

मी दुसऱ्या बाजूचा, खरेदीत बावीस वर्षे. वरच्या ताईंचे खरे आहे. एक भर घालतो. पहिल्या पानावर तीन ओळींत उत्तर द्या. मला ते मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे असते. बाकीचा रिपोर्ट मी वाचतो, ते वाचत नाहीत.

आणि एक विनंती. आमचे काम करताना समोरच्या गल्लीतल्या कारखान्याचा तोच प्रश्न घेऊ नका. बडोदा लहान आहे. एका सल्लागाराने आमच्याबाबत असे केले, ते कळले, आणि त्याला नंतर कुणी दारात घेतले नाही.

इंदूरकर

एका मुद्द्यावर मी वेगळा आहे. मी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या वाहन आणि औषध कंपन्यांसाठी हेच करतो. ताईंना एका पार्टीने नऊ वर्षे काम दिले, पण माझी सर्वांत मोठी पार्टी एका वर्षात दुसऱ्याच्या ताब्यात गेली आणि माझे निम्मे उत्पन्न त्याच महिन्यात गेले. आता कुठलीही एक पार्टी माझ्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाही. जायला लागली की नवे काम शोधायला निघतो, हातात कितीही काम असले तरी. तुमच्या दोघांतला एक उद्या थांबला तर काय, हा हिशोब आज रात्री मांडा.

मोडीवाला

माझे काम जरा वेगळे. बडोदा संस्थानच्या काळातले पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. घराण्यांना, वकिलांना इनामाचे, वाड्याचे जुने कागद वाचून हवे असतात. ताईंचे ते शेवटचे पान मी वाचले आणि थबकलो. मी आजवर "सापडले नाही" एवढेच तोंडी सांगत आलो. कोणते रुमाल (कागदांचे बांधलेले गठ्ठे) उघडले, कोणते नाही, हे कधी लिहून दिले नाही. लोक पुन्हा दुसऱ्याला पैसे देऊन तेच रुमाल उघडायला लावतात. उद्यापासून लिहून देईन.

दांडियाबाजारची लेक

ताई, काल रात्री जुने सहा रिपोर्ट काढून बसले. प्रत्येकाचे ते शेवटचे पान आता लिहिले. दोन वर्षांपूर्वीच्या एका पेटंट शोधात १८ महिन्यांची ती फट अगदी उघडी पडली आहे. तेव्हा मी तिथे "काही नाही" असे लिहून दिले होते. त्यांना आता कळवू का? चूक कबूल केल्यासारखे होईल.

इंदूरकर दादा, हिशोब मांडला. एक पार्टी ७० टक्के आहे.

सुरसागरकाठ

कळवा, आजच. आधी ती फट स्वतः भरून बघा, दोन वर्षांत ते अर्ज प्रसिद्ध झाले असतील. काही सापडले तर फोन करा आणि मग लेखी द्या. सापडले नाही तरी लेखी द्या, तारखेसकट. याचे पैसे मागू नका. आणि त्या ७० टक्केवाल्यांचेच ते काम असेल, तर पत्र देऊन परतताना त्यांच्या खरेदीवाल्यांना विचारा, तुमच्या ओळखीत आणखी कुणाला असा प्रश्न पडला आहे का.

गुरुवारी संध्याकाळी मी मांडवीच्या लायब्ररीत असते. रिपोर्ट घेऊन या, ते पान एकदा दोघी मिळून बघू.