‘तीन वर्षं उलटली की केस होत नाही’ हे कितपत खरं? लैंगिक गुन्हे आणि तक्रारीची मुदत

रानजाई
महिला समुपदेशन केंद्रासाठी दोन पानी माहितीपत्रक लिहितेय. ‘तीन वर्षं झाली, आता काही होत नाही’ हे वाक्य गावोगावी इतकं पक्कं बसलंय की बायका ठाण्याची पायरीच चढत नाहीत. कोणत्या कलमाला किती मुदत, ती कुठल्या दिवसापासून मोजायची, आणि लहानपणी झालेल्या अत्याचाराची फिर्याद मोठेपणी देता येते का, एवढं नेमकं हवंय. पत्रकात एक वाक्यही चुकीचं जायला नको.

कोर्टनाका
तीन वर्षांचा नियम आहे, पण बलात्काराला तो लागूच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४६८) मुदत ठरते ती कलमातल्या कमाल शिक्षेवरून. फक्त दंड असेल तर ६ महिने, १ वर्षापर्यंत कैद असेल तर १ वर्ष, त्यावर ३ वर्षांपर्यंत असेल तर ३ वर्षं. कमाल शिक्षा ३ वर्षांच्या वर गेली की मुदतीचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून भारतीय न्याय संहितेतलं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा नवा कायदा) ६४ (बलात्कार), ७४ (विनयभंग, कमाल ५ वर्षं) आणि ७६ (विवस्त्र करणं, कमाल ७ वर्षं) यांना मुदत नाही. ७५ म्हणजे लैंगिक छळ. त्यात नकोशी शारीरिक सलगी, शरीरसुखाची मागणी किंवा जबरदस्तीने अश्लील चित्रं दाखवणं असेल तर ३ वर्षं, नुसते अश्लील शेरे असतील तर १ वर्ष. ७७ (चोरून पाहणं, चित्रण) आणि ७८ (पाठलाग) पहिल्याच वेळचे असतील तर ३ वर्षं. ७९ लाही (शब्दांनी, हावभावांनी बाईच्या लज्जेचा अपमान) ३ वर्षं.

खरा घोटाळा होतो तो कलम लावताना. अंगाला हात लावून ओढल्याची घटना फक्त ७५ खाली नोंदली तर तीन वर्षांचं कुंपण पडतं, ७४ लागलं तर पडत नाही. दोन्ही कलमं एकत्र चालणार असतील तर मुदत जास्त शिक्षेच्या कलमाची धरायची, हे ५१४(३) मध्येच आहे. त्यामुळे जबाबात ‘त्रास दिला’, ‘छेड काढली’ असे शब्द पुरत नाहीत. कुठे धरलं, काय केलं, काय बोलला, हे जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगा.

जुनी_फाईल
वरच्या यादीत एक भर. घटनेच्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर कलमं भादंविची (जुनं भारतीय दंड विधान): ३५४ (विनयभंग), ३५४अ (लैंगिक छळ), ३७६ (बलात्कार), ५०९ (आताचं ७९). त्यातही ३ फेब्रुवारी २०१३ च्या आधी ३५४ ला कमाल २ वर्षं शिक्षा होती, म्हणजे तेव्हाच्या विनयभंगाला तीन वर्षांची मुदत होती आणि ती कधीच संपली. ५०९ ला तेव्हा १ वर्ष शिक्षा, म्हणून मुदतही १ वर्षच. नंतर वाढलेली शिक्षा मागे नेता येत नाही. हे पत्रकात स्पष्ट लिहा, नाहीतर आशेने आलेल्या बाईला दुसऱ्यांदा धक्का बसतो.

लहानपणच्या अत्याचाराबद्दल: पोक्सो (१८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात तक्रारीसाठी वेगळी मुदत घातलेली नाही आणि पीडित मोठी झाली म्हणून हक्क जात नाही. कलम ४, ६ (शरीरात प्रवेश करून केलेला अत्याचार), ८, १० (लैंगिक हेतूने स्पर्श) यांची कमाल शिक्षा ३ वर्षांच्या वर आहे. अडचण येते ती कलम १२ ला (लैंगिक छळ, कमाल ३ वर्षं). तिथे आरोपीकडून मुदतीचा आक्षेप येऊ शकतो. पोक्सोच्या आधीच्या काळासाठी भादंवि ३७६, आणि मुलगा असेल तर ३७७ (अनैसर्गिक संभोग), एवढेच मुख्य आधार. दोन्हींना मुदत नाही.

रानजाई
मुदत कधी थांबते? ठाण्यात अर्ज दिला त्या दिवशी, की दोषारोपपत्र कोर्टात गेलं त्या दिवशी?

कोर्टनाका
५१४ च्या स्पष्टीकरणात दोन तारखा आहेत: कलम १७३ खाली ठाण्यात खबर (एफआयआर) नोंदली ती, किंवा कलम २२३ खाली थेट कोर्टात तक्रार दाखल केली ती. पोलिसांनी दोषारोपपत्र उशिरा दिलं तर त्याचा भुर्दंड फिर्यादीवर नाही. पण आवक शिक्का मारून ‘चौकशीवर’ ठेवलेला अर्ज म्हणजे नोंदलेली खबर नव्हे, आणि इथेच वर्षं निघून जातात. गुन्हा नोंदवून घ्या, प्रत मागा. १७३(२) प्रमाणे ती मोफत मिळते. ठाणं कोणतंही चालतं, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

नोंदवलं नाही तर टपालाने पोलीस अधीक्षकांना लेखी खबर, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह १७५(३) चा अर्ज (पोलिसांना तपासाचा आदेश द्या, असा). मुदतीला महिना-पंधरा दिवसच उरले असतील तर या फेऱ्यांत अडकू नका, वकिलाकरवी २२३ ची तक्रार दाखल करून तारीख पकडा.

मोजणी साधारण घटनेच्या दिवसापासून, पण तो पहिला दिवस धरायचा नाही. चोरून केलेल्या चित्रणाचा पत्ताच नंतर लागला तर कलम ५१५ प्रमाणे कळलं त्या दिवसापासून. आरोपी अनोळखी असेल तर त्याची ओळख पटली त्या दिवसापासून. आरोपी भारताबाहेर असतानाचा काळ ५१६ प्रमाणे वगळतात. मुदत उलटलीच तर ५१९ खाली विलंब माफीचा अर्ज, पण त्यावर आरोपीचं म्हणणं ऐकूनच निर्णय होतो. धमक्या, एकाच घरात राहणं, आजारपण, जे असेल ते तारखांसह मांडा.

समिती_सदस्य
कामाच्या ठिकाणचा छळ असेल तर वेगळं घड्याळ आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अंतर्गत समितीकडे (कार्यालयातली तक्रार समिती) शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार. समिती कारणं नोंदवून आणखी ३ महिने वाढवू शकते. त्यापुढे समितीचा दरवाजा बंद होतो, पोलिसांचा नाही. दोन्ही मुदती पत्रकात एकाच चौकटीत टाकू नका, गल्लत होते.

रानजाई
म्हणजे ‘बलात्काराला मुदत नाही, कधीही या’ असं मोठ्या अक्षरात छापू?

जुनी_फाईल
‘कधीही या’ बरोबर. फक्त खाली एक ओळ घाला: नुकतीच घटना असेल तर आंघोळ, कपडे धुणं टाळून लगेच दवाखान्यात जा. ७२ तासांनंतर नमुन्यांत पुरावा सापडण्याची शक्यता खूप घटते, तरी ९६ तासांपर्यंत नमुने घ्यावेत असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कपडे कोरड्या कागदात गुंडाळायचे, प्लॅस्टिकमध्ये नाही. ओलाव्याने डाग कुजतात. तपासणीसाठी आधी गुन्हा नोंदलेला असावा लागत नाही.