रोमचा सगळ्यात वजनदार माणूस कोण? सीझर सोडून बोला

शेवभाजी_धुळे
नमस्कार मंडळी, भाची अकरावीला आहे अमळनेरला, कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे आणि विषय आलाय प्राचीन रोममधली प्रभावी माणसं. घरी सगळे म्हणताय सीझरवर बोल, पण मला वाटतं तिथे निम्मी पोरं सीझरच घेऊन येतील. दुसरं कोण घेता येईल? आणि एक शंका, सीझर सम्राट होता की नाही? युट्यूबवर एक हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, डोकं फिरलं.

गिरणाकाठ
नव्हता भो. इ.स.पू. ४४ मधे तो तहहयात डिक्टेटर झाला नि त्याच वर्षी १५ मार्चला सिनेटर लोकांनी (सिनेट म्हणजे रोमच्या बड्या लोकांची सभा) भर सभेत भोसकला, विषय संपला. पहिला सम्राट ऑगस्टस, सीझरच्या भाचीचा मुलगा, मृत्युपत्रात दत्तक घेतलेला. तेव्हा वय १८, नाव ऑक्टेव्हियन, सतत आजारी, आणि सगळ्यांनी त्याला पोरगं समजून हलक्यात घेतलं. सिसेरोसारख्या मुरलेल्या राजकारणी माणसालाही वाटलं की वापरून घेऊ नि मग बाजूला सारू. पुढच्याच वर्षी या पोराने सीझरचा सेनापती अँटनी याच्याशी हातमिळवणी केली, सिसेरोचं नाव मारायच्या यादीत गेलं आणि त्याचं मुंडकं नि हात फोरममधे, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, टांगले. माझ्या मते खरी हुशारी इ.स.पू. २७ ची. सिनेटसमोर जाहीर केलं की मी सगळी सत्ता परत करतो, आणि सैन्य जिथे जास्त होतं ते बहुतेक प्रांत मात्र स्वतःकडे ठेवून घेतले! सिनेट चालू, कॉन्सलसारखी पदं चालू, निवडणुका पण चालू, आणि हुकूम एकाचाच, ते थेट इ.स. १४ ला मरेपर्यंत. सीझरने मुकुटाचा नुसता वास येऊ दिला नि मेला, याने कधी राजा म्हणवून घेतलं नाही नि राज्य करून गेला.

भुसावळ_जंक्शन
ऑगस्टस ठीक आहे, पण त्याच्या लढाया जिंकल्या कोणी ते पण सांगा ना राव. अग्रिपा! इ.स.पू. ३६ ला ऑगस्टसचा विरोधक सेक्स्टस पॉम्पी याचं आरमार बुडवलं ते याने, ३१ ला अ‍ॅक्टियमला पुढे ऑगस्टसशी फाटलेल्या अँटनीला नि इजिप्तच्या राणी क्लिओपात्राला हरवलं ते पण यानेच. आणि मला तो आवडतो तो वेगळ्याच कारणाने. कॉन्सल म्हणजे सगळ्यात मोठं पद भूषवून झाल्यावर हा माणूस इ.स.पू. ३३ मधे एडाइल झाला, म्हणजे रस्ते, पाणी, गटार बघणारं खालचं पद, आणि शहराची मुख्य गटार साफ करून घेऊन तिच्यातून स्वतः होडीने फिरला. आपल्याकडे माजी मंत्री नगरपालिकेत आरोग्य सभापती होईल का, विचार करा. इ.स.पू. १९ ला त्याने आणलेल्या पाण्याच्या वाहिनीचंच पाणी आजही रोमच्या ट्रेव्ही कारंज्याला येतं (मधे बंद पडली होती, दुरुस्त केली, पण लाइन तीच).

शेवभाजी_धुळे
हे भारी आहे, गटारीवाला किस्सा तर टाळ्या घेईल. पण मग एवढं सगळं हातात असून अग्रिपाने स्वतः गादी का नाही घेतली?

भुसावळ_जंक्शन
खानदान मोठं नव्हतं त्याचं, जुन्या घराण्यातल्या सिनेटर लोकांनी त्याला मानलंच नसतं असं मला वाटतं. तसा नंबर लागत आला होता, इ.स.पू. २३ ला ऑगस्टस मरणाच्या दारात होता तेव्हा त्याने शिक्क्याची अंगठी अग्रिपाच्याच हातात दिली. पुढे पोरगी पण दिली. पण हा आधी गेला, इ.स.पू. १२ मधे.

कापूस_चोपडा
तुम्ही सगळे शेवटाकडून सुरू करताय. रिपब्लिक, म्हणजे राजा-सम्राटाशिवायचं राज्य, मोडायला सुरुवात झाली ती जमिनीवरून, म्हणून मी टायबेरियस ग्रॅकस म्हणेन. इ.स.पू. १३३ ला ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेला प्रतिनिधी, झाला आणि सरकारी जमीन एका माणसाकडे ५०० युगेरा, म्हणजे साधारण ३१० एकराच्या वर नको, उरलेली भूमिहीनांना वाटा असा कायदा आणला. सीलिंगच म्हणा ना. मोठ्या लोकांच्या पोटात गोळा आला, त्यांनी दुसऱ्या ट्रिब्यूनला हाताशी धरून अडवलं, तर याने मत घेऊन त्या ट्रिब्यूनलाच पदावरून काढलं, जे आधी कोणी केलं नव्हतं. शेवटी सिनेटर लोकांनी बाकांचे तुकडे नि दांडकी घेऊन त्याला नि त्याच्या माणसांना ठार केलं, प्रेतं टायबर नदीत. दहा-बारा वर्षांनी धाकटा भाऊ गायस पण तसाच गेला. एकदा राजकारणात खून चालतो म्हटल्यावर मग सत्तेसाठी लढणारे सेनापती मारियस, सुल्ला, सीझर रांगेनेच आले. पोरीला गोष्ट पाहिजे असेल तर यात जास्त जीव आहे.

तापीवरचा_पोऱ्या
मस्त विषय शे भाऊ! मी ऑगस्टसच म्हणीन पण कारण आपल्याकडचं. इ.स.पू. ३० ला त्याने इजिप्त घेतलं नि तांबड्या समुद्रावरची बंदरं रोमच्या हातात गेली, मग तेव्हाचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की तिथून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत. पेरिप्लस म्हणून पहिल्या शतकातलं ग्रीक पुस्तक आहे, त्यात पैठण नि तगर (आपलं तेर) इथून गाड्यांनी माल भडोचला जायचा असं आहे, पैठणहून मौल्यवान दगड, तगरहून साधं नि तलम सुती कापड. पैठण ते भडोच नकाशावर रेघ ओढून बघा मधे काय येतं, साक्री-नवापूरच्या जवळचाच पट्टा! रोमन लेखक प्लिनी तर रडतो की भारत दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खाऊन जातो. भाचीला म्हणा हे पहिल्याच मिनिटाला टाक, परीक्षक खान्देशातलेच असतील.