मदत हवी आहे: विनिपेगमध्ये बारा वर्षं टिकलेला तलाव मांद्रेत किती टिकेल?

परसदार

नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात मांद्रेत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. बाबा ७१ वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे झिजलेत आणि शस्त्रक्रियेला ते तयार नाहीत. फिजिओथेरपिस्टने पाण्यात चालायला सांगितलंय. समुद्रावर रोज नेणं जमत नाही, पावसाळ्यात तर विचारच नको. म्हणून परसात जमिनीवर उभा करायचा स्विमिंग पूल घ्यावा असं मनात आहे. पत्र्याची गोल भिंत, आत प्लॅस्टिकचा लायनर, खोदकाम नाही. व्यास १५ फूट, उंची ४ फूट.

माझा धाकटा भाऊ कॅनडात विनिपेगला असतो. त्याच्याकडे असाच स्टीलचा तलाव आहे, यंदा बारावं वर्ष. लायनर एकदाच बदलला, आठव्या वर्षी. तो म्हणतो, "ताई, इथे उणे तीसमध्ये बर्फात उभा राहतो, तुमच्याकडे पंचवीस वर्षं बघायला नको." विक्रेताही वीस वर्षं सांगतो. पण आमच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवावे लागतात, म्हणून मन घेत नाही.

भावाचा हिशेब इथे लागू होतो का? तिकडे हे तलाव कशाने जातात आणि आपल्याकडे कशाने जातील? पैसे बाबांच्या ठेवीतले आहेत. चुकून चालणार नाही.

उत्तरवारा

ताई, मी मूळचा डिचोलीचा, आता बरीच वर्षं मिनेसोटात. विनिपेग आमच्या उत्तरेला, हवा जवळपास तशीच. आमच्याकडेही असा तलाव आहे.

भावाने सांगितलेलं खोटं नाही. स्टीलचा तलाव नीट सांभाळला तर थंड प्रदेशात साधारण दहा ते पंधरा वर्षं जातो, लायनर सहा ते दहा. पण एक गोष्ट बोलण्यात राहून गेली असेल: तिकडे तो वापरात किती असतो? जूनमध्ये उघडायचा, सप्टेंबरच्या सुरुवातीला बंद. बारा वर्षांत उन्हाखाली उघडा राहिला जेमतेम छत्तीस महिने. उरलेला काळ तो झाकणाखाली झोपलेला असतो.

ती झोपही सोपी नसते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पंपात, फिल्टरमध्ये किंवा पाइपात पाणी राहिलं तर ते फुटलेच. म्हणून सप्टेंबरात सगळं सोडवून, निथळून घरात ठेवतो. पाण्याची पातळी स्किमरच्या (वरचं पाणी फिल्टरकडे ओढून घेणाऱ्या, भिंतीतल्या खिडकीच्या) खाली आणतो. तलाव रिकामा मात्र कधीच करत नाही, कारण आतल्या पाण्याच्याच भाराने भिंत उभी असते. रिकाम्या पत्र्याला वारा आणि बर्फ मुडपून टाकतात, लायनर आकसतो आणि पुन्हा ताणताना फाटतो. झाकणाखाली मध्यभागी हवेची मोठी उशी तरंगत ठेवतो. बर्फ फुगला की तिला दाबतो, भिंतीवरचा जोर कमी होतो.

एवढं करूनही खालची ओली जमीन गोठून वर उचलते, खांब तिरपे होतात. कडाक्याच्या थंडीत लायनर कडक होतो आणि वसंतात सुटलेल्या बर्फाच्या धारदार कडा त्याला कापतात. आमचा पहिला लायनर असाच गेला. म्हणजे तिकडे मारेकरी बर्फ. तुमच्याकडे बर्फ नाही, पण सुट्टीही नाही.

दर्यावर्दी

वास्कोला जहाजदुरुस्तीत गंज आणि रंग हेच माझं काम, म्हणून त्या बाजूने लिहितो.

या भिंतींच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. स्टीलच्या आधी जस्त झिजतं, तोवर स्टील वाचतं. विनिपेग समुद्रापासून शेकडो मैल आत, कोरड्या हवेत. तिथे हा थर वर्षानुवर्षं पुरतो. मांद्रेत खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्रा रात्रभर ओला राहतो. पत्रा कापलेल्या कडा, बोल्टची भोकं, स्किमरभोवतीचा काप, आणि सगळ्यात आधी भिंत जिच्यात उभी असते ती तळाची पट्टी, या जागा बघा. पट्टी मातीला टेकलेली असते, तिथे पाणी साचतं. वरून तलाव कोरा करकरीत दिसतो आणि खालून पत्रा पापडासारखा झालेला असतो.

त्यातच मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र विक्रेते गळ्यात मारतात. स्टीलच्या तलावाला ते अजिबात लावू नका. गळकं पाणीही मग खारंच निघतं.

रेझिनचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा तलाव असेल तर जरूर विचार करा, पण नीट चौकशी करून. "रेझिनचा" म्हणून विकतात तेव्हा बऱ्याचदा खांब आणि वरची कड तेवढी रेझिनची, भिंत स्टीलचीच. भिंत कशाची, हे बिलावर लिहून घ्या. वॉरंटीही पूर्ण वाचा. वीस वर्षं म्हणतात, पण भरपाईची रक्कम दरवर्षी घटत जाते आणि गंज अनेकदा वगळलेला असतो.

साखळीकर

आमच्याकडे स्टीलचा होता. समुद्र आमच्यापासून लांब, तरी पाचव्या पावसाळ्यात तळाची पट्टी गेली. विक्रेत्याने "देखभाल केली नाही" म्हणून हात वर केले. मुलं रोज पोहायची, फार वाईट वाटलं.

मला जे महागात पडलं ते सांगतो. लव्हाळा मुळासकट काढला नाही तर त्याचे टोकदार कोंब वाळूतून वर येऊन लायनर भोसकतात. आमच्या लायनरला दुसऱ्याच वर्षी तीन भोकं पडली होती. विहिरीचं पाणी भरलं, क्लोरीन टाकलं आणि तासाभरात पाणी चहासारखं झालं. आपल्या तांबड्या मातीतलं लोह पाण्यात असतं, क्लोरीनने ते गंजाच्या रंगाने बाहेर पडतं. आधी पाणी तपासून घ्या. माडाखाली तर मुळीच नको, एका झावळीने आमची वरची कड वाकली.

आणि पाऊस. गोव्यात चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, म्हणजे तुमच्या ४ फुटी तलावाच्या उंचीच्या जवळपास अडीचपट! तलाव रोज ओसंडतो, क्लोरीन पातळ होतं, पाणी हिरवं पडतं आणि ओसंडलेलं पाणी भिंतीखालची माती धुऊन नेतं. झाकण घातलंत तर त्याच्या खोलगट भागात पाणी साचतं. ते आठवडाभर राहिलं की डेंग्यूचे डास तयार.

परसदार

इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. भावाला छत्तीस महिन्यांचा हिशेब वाचून दाखवला. तो गप्प झाला, मग म्हणाला, "हे मी मोजलंच नव्हतं." एक विचारते: तलाव दोन फूट जमिनीत उतरवला तर? भार कमी होईल, उंचीही.

दर्यावर्दी

नको ताई. पत्र्याला ओली माती टेकली की गंज दोन्ही बाजूंनी. शिवाय पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येऊन लायनरला खालून उचलतं. भाराचं म्हणाल तर तुमच्या मापात साधारण १७ हजार लिटर पाणी बसेल, म्हणजे १७ टन. त्याला चोहोबाजूंनी सपाट, चोपलेली जमीन हवी, बाजूला पाणी वाहून जायला चर हवा. एका अंगाला जमीन खचली की तिथली भिंत फुगते.

पाणवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मडगावला. तलाव किती वर्षं टिकेल यावर चांगली चर्चा झाली, पण मला काळजी दुसरीच वाटते. बाबा आत कसे उतरणार?

या तलावांसोबत उभी, अरुंद शिडी येते. चार फूट चढायचं, वळायचं, चार फूट उतरायचं. झिजलेल्या गुडघ्यांना हेच सगळ्यात कठीण. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा जवळपास अर्धा भार हलका होतो, छातीएवढ्या पाण्यात त्याहून जास्त. तो सगळा फायदा बाहेर येताना शिडीवर जाईल, आणि ओल्या पायाने घसरले तर विचारायलाच नको. बाहेरून चिऱ्यांच्या रुंद पायऱ्या आणि कठडा, आतून टेकू असलेल्या पायऱ्या आणि धरायला दांडा, हे जमणार असेल तरच घ्या. आणि ते एकटे कधीच पाण्यात नकोत.

परसदार

शिडीचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काल घरातला लाकडी जिना धरून बाबांना चार पायऱ्या चढायला लावल्या. चौथीवर थांबले आणि "पुरे गं" म्हणाले.

स्टीलचा घेत नाही, हे नक्की. भिंतही रेझिनची असलेला मिळाला तर घेईन. माड सोडून, विहिरीच्या पलीकडच्या उंचवट्यावर जागा आहे, तिथे पाणी साचत नाही. लव्हाळा आधी खणून काढते. पाणी तपासायला देते. चिऱ्यांच्या पायऱ्यांसाठी गवंड्याला रविवारी बोलावलंय. एका पायरीची उंची किती ठेवायला सांगू?

पाणवाट

सहा इंचांपेक्षा जास्त नको. म्हणजे आठ पायऱ्या होतील. रुंदी एवढी ठेवा की दोन्ही पावलं एकाच पायरीवर टेकवून थांबता येईल. कठडा दोन्ही हातांना हवा. बाबांना गवंड्यासमोरच उभं करून उंची ठरवा.